नांव विचारावें, नांव जपावें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मग्रामाचा इतिहास, त्याच्या संस्था व त्याचे उपकारकर्ते ह्यांविषयीं बोलण्याचा प्रघात आहे, आणि तें कार्य अधिकारी वक्त्यांकडे सोंपविण्यांत आलेंच आहे. आम्ही ह्या इतिहासांतील अगदीं लहान वस्तु आपणांपुढें ठेवितों. ती म्हणजे माणसाचें नांव. पन्नास वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या वह्या चाळून पाहा. त्यांत उत्सवांचें वर्णन नाहीं, इमारतींचा खर्च नाहीं. ओळीमागून ओळ नांवेंच नांवें आहेत. त्या नांवांचा क्रम कोणता, त्यांचा उच्चार कसा, आणि परक्या भाषेंतलें नांव आपल्या जिभेवर आलें असतां त्याशीं आपण कसें वागावें, एवढाच आमचा आजचा विषय. विषय लहान दिसतो. परंतु त्यावर माणसाचा मान आणि कित्येकदां त्याची उपजीविकाहि अवलंबून असते.

बाप्तिस्म्याच्या विधीचा आरंभ एका प्रश्नानें होतो. बालकास घेऊन आलेल्या आईबापांस धर्मगुरु प्रथम विचारतात कीं, ह्याचें नांव काय ठेविलें आहे? पाणी मागाहून, तेल मागाहून, मेणबत्ती मागाहून, आधीं नांव. १५६३ सालीं त्रेंत येथील धर्मपरिषदेनें विवाहांची वही ठेवण्याची आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मबाप व धर्ममाता ह्यांचीं नांवें वहींत लिहिण्याची आज्ञा केली. १९८३ सालच्या चर्चच्या कायद्यांतील ८७७ व्या कलमानें बाप्तिस्मा पावलेल्याचें, त्याच्या आईबापांचें, धर्मबाप-धर्ममातांचें व बाप्तिस्मा देणाराचें नांव काळजीपूर्वक व विनाविलंब लिहिण्याचें कर्तव्य त्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंवर घातलें आहे. नांवास इतकें महत्त्व कां, हें सांगण्याची गरज नाहीं. ज्यास नांवानें हांक मारतां येते तो गर्दींतला कोणी एक राहत नाहीं. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारतो, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों.

आतां प्रथम आपण आपल्याच नांवांकडे पाहूं. २३ डिसेंबर १५३४ रोजींच्या तहानें गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती त्यांच्याकडून जिंकून घेतली. मधल्या दोनशें चार वर्षांत येथील पुष्कळ कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नांवें व आडनांवें घेतलीं. सत्ता गेली, भाषा गेली. नांवें मात्र राहिलीं. तीं राहिलीं तीं मराठी जिभेवर घासून गुळगुळीत होऊन राहिलीं. पोर्तुगीज लोक ज्यास सबश्तियांव म्हणतात तो आपल्या घरीं बस्त्याव झाला; झुझे हा जुजे झाला; पेद्रु हा पेद्रू झाला. रोमांव ह्या नांवाचें रुमाव हें आडनांव झालें. ह्यांत कोणाचा अपमान नाहीं. आईनें ज्या नांवानें जेवावयास बोलाविलें, तें नांव आपलेंच होय, मग त्याचें मूळ लिस्बन शहरीं असो वा यरुशलेमांत.

पुढें इंग्रजी आली आणि नांवांचें दुसरें स्थित्यंतर झालें. पोर्तुगीज लेखनांत एन् आणि एच् हीं अक्षरें जोडून आलीं म्हणजे त्यांचा उच्चार 'न्य' असा होतो, आणि एल् व एच् जोडून आलीं म्हणजे 'ल्य' असा. म्हणून मूळचा उच्चार कोतिन्यु आणि कार्वाल्यु असा आहे. आपल्या पूर्वजांनीं हे उच्चार कानांनीं ऐकले होते, म्हणून त्यांनीं एच् ह्या अक्षराकडे लक्षच दिलें नाहीं व करवालो म्हटलें. इंग्रजी शिकलेल्या पिढीनें तीं नांवें डोळ्यांनीं वाचलीं, आणि कुटिन्हो, कार्व्हाल्हो असे नवे उच्चार जन्मास घातले. तसेंच 'द सोज' ह्या नांवाचें. त्यांतील 'द' ह्याचा अर्थ 'चा' किंवा 'येथला' इतकाच. सोज हें पोर्तुगालांतील एका नदीचें व तिच्या कांठच्या प्रदेशाचें नांव. जसें आपण पुण्याचा तो पुणेकर म्हणतों, तसाच हा प्रकार. इंग्रजी लेखनांत त्या 'द' पुढें स्वल्पविरामासारखें चिन्ह आलें आणि दोन शब्दांचा एक डिसोजा झाला. परिणामीं लिस्बनच्या यादींत हें घराणें 'एस्' ह्या अक्षराखालीं शोधावें लागतें आणि मुंबईच्या यादींत 'डी' खालीं. एकच घराणें; परंतु शोधणारास रीत ठाऊक नसेल तर तें दोन्ही ठिकाणीं हरवतें.

कोणी म्हणेल, नांव भाषेबरोबर बदलतेंच, मग त्याची एवढी चिंता कशास? आक्षेप योग्य आहे. पवित्र शास्त्रांतील नांवेंच पाहा. हिब्रू भाषेंतील योहानान हा ग्रीकांत योआन्नेस झाला, पोर्तुगीजांत जुआंव झाला, इंग्रजांत जॉन झाला आणि आपल्या बायबलांत योहान झाला. प्रभूनें शिमोनास केफा म्हटलें. केफा म्हणजे खडक. ग्रीक लेखकांनीं उच्चार न घेतां अर्थ घेतला व पेत्रोस म्हटलें. त्याचेंच पेद्रू, पीटर व पेत्र झालें. खुद्द तारणाऱ्याचें नांव आपण येशू म्हणतों, गोंयकार जेजू म्हणतात, इंग्रज जीझस म्हणतात. आणि प्रार्थना ऐकणारा एकच आहे.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांनींहि आपल्या नांवांचा हट्ट धरिला नाहीं. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स हे पोर्तुगीजांत पाद्री इश्तेवांव म्हणून ओळखले जात. १६१६ सालीं राशोल येथें छापलेलें मराठी क्रिस्तपुराण हें त्यांचेंच. चीन देशांत मात्तेओ रीची ह्यांनीं आपलें नांव ली मादोऊ असें करून घेतलें. चिनी भाषेंत 'री' हा उच्चार बसेना, म्हणून रीचीचा ली झाला. आणि तेथें कुलनाम आधीं घेण्याची चाल, म्हणून ली पुढें गेला व मात्तेओचा मादोऊ मागें राहिला. तामिळ देशांत रोबेर्तो दे नोबिली हे तत्त्वबोधकर झाले, आणि बेस्की हे वीरमामुनिवर ह्या नांवानें तामिळ वाङ्मयांत अमर झाले.

येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. हा बदल ज्याचा त्यानें पत्करलेला होता. रीचींनीं स्वतः चिनी लोकांच्या दारीं जाऊन आपलें नांव त्यांच्या रीतीस लाविलें. चिनी शिष्यांचीं नांवें आपणांस उच्चारतां येत नाहींत म्हणून तीं टाकून दिलीं, असें केलें नाहीं. त्यांच्या थोर शिष्याचें नांव श्यु क्वांगची. १६०३ सालीं बाप्तिस्मा घेतांना त्यांस पॉल हें नांव मिळालें, तथापि आजहि जग त्यांस श्यु क्वांगची म्हणूनच ओळखतें. पाहुण्यानें आपलें नांव यजमानाच्या रीतीस लाविणें ही नम्रता होय. यजमानानें पाहुण्याचें नांव आपल्या सोयीसाठीं मोडणें हा निष्काळजीपणा होय. आणि बलवानानें दुर्बळाचें नांव मोडणें हा अन्याय होय.

नांवाच्या उच्चारावरून माणसास परका ठरविण्याची खोड किती भयंकर होऊं शकते, हें शास्ते ह्या पुस्तकांत सांगितलें आहे. यार्देन नदीच्या उतारावर गिलादाचे लोक पळून येणाऱ्या प्रत्येकास शिब्बोलेथ हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राईमी माणसास 'श' म्हणतां येईना. त्याच्या तोंडून सिब्बोलेथ निघे, आणि तेवढ्यावरून त्याचा वध होई. त्या युद्धांत बेचाळीस हजार माणसें पडलीं, असें तें पुस्तक सांगतें. एका अक्षराच्या उच्चारानें ओळख पटविली, आणि ती ओळख प्राण घेण्यास उपयोगीं पडली. आपण कोणाचा प्राण घेत नाहीं, हें खरें; परंतु कोणी 'श' चा 'स' केला म्हणून हंसणें ही त्याच रस्त्यावरची पहिली पायरी आहे.

आतां क्रमाविषयीं. आपण मराठी लोक आधीं स्वतःचें नांव, मग बापाचें किंवा पतीचें, मग आडनांव, असें सांगतों. परंतु शाळेच्या व कचेरीच्या यादींत आडनांव पुढें येतें. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठीं मुलाचें नांव, मग आईचें, मग बापाचें, मग आडनांव, असा क्रम सरकारी कागदपत्रांत आवश्यक केला. आईचें नांव आलें ही मोठी समाधानाची गोष्ट झाली. पोर्तुगालांतहि सामान्यतः आईच्या घराण्याचें आडनांव आधीं व बापाच्या घराण्याचें शेवटीं असतें. शेजारच्या स्पेनांत पारंपरिक रीत नेमकी उलट: बापाचें आधीं, आईचें मागून. म्हणून शेवटचा शब्द तेंच मुख्य आडनांव, असें धरून चालणारा मनुष्य लिस्बनमध्यें बहुधा बरोबर ठरेल आणि माद्रिदमध्यें फसेल. तामिळनाडूंत पुष्कळांस आडनांवच नसतें. बापाच्या नांवाचें आद्याक्षर पुढें लावून पुढें स्वतःचें नांव लिहितात. केरळांत पुष्कळदां घराण्याचें नांव पुढें येतें. जपान, चीन, कोरिया, हंगेरी ह्या देशांत कुलनाम पहिलें.

ह्या संबंधांत आपल्याच एका संताचें स्मरण होतें. वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मे झाले. त्यांचें नांव पोर्तुगीज. परंतु ज्या फ्रान्सिस्कन मंडळींबरोबर ते मनिलाहून जपानास गेले, ती मंडळी मुख्यतः स्पॅनिश. म्हणजे हयातींतच त्यांनीं आपलें नांव दोन तऱ्हांनीं ऐकलें असलें पाहिजे. त्यांच्यासह प्राण देणाऱ्या सव्वीस जणांत वीस जपानी होते. त्यांपैकीं पाउलो मिकि ह्यांचें नांव सर्वविदित आहे. त्यांतील मिकि हें कुलनाम. जपानी रीतीनें तें आधीं यावयाचें. परंतु युरोपी याद्यांत बाप्तिस्म्याचें नांव पुढें गेलें आणि घराणें मागें सरलें. १८६२ सालीं त्या सर्वांस एकाच वेळीं संतपद मिळालें. त्यांच्या यादींत पोर्तुगीज, स्पॅनिश व जपानी नांवें शेजारीं शेजारीं आहेत, आणि कोणाचें नांव सोपें व कोणाचें कठीण, हा प्रश्न त्या टेकडीवर कोणास पडला नाहीं. जपान सरकारनें १ जानेवारी २०२० पासून रोमन लिपींतील सरकारी कागदांतहि कुलनाम आधीं लिहिण्याचा नियम केला. आपल्या क्रमाची लाज न बाळगतां तो जगास सांगण्याचा हा निश्चय आम्हांस योग्य वाटतो.

परंतु क्रमाचा प्रश्न केवळ अभिमानाचा नाहीं. पारपत्राच्या अर्जांत आडनांवाचा एक व नांवाचा एक असे दोन रकाने असतात. ज्याच्या देशरीतींत आडनांवच नाहीं, त्यानें पहिल्या रकान्यांत काय लिहावें? तो रिकामा ठेविला तर अडचण. बापाचें नांव लिहिलें तर परदेशांतील कारकून त्याच्या बापाच्या नांवानेंच त्यास हांक मारतो. २०२२ च्या नोव्हेंबरांत संयुक्त अरब अमिरातींनीं असा नियम लागू केला कीं, पारपत्रावर एकाच शब्दाचें नांव असलेल्या प्रवाशास भेटीच्या व पर्यटनाच्या परवान्यावर प्रवेश मिळणार नाहीं. त्याचप्रमाणें आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या वहींत जुजे, शाळेच्या दाखल्यांत जोसेफ आणि आधारपत्रावर जोस, अशीं एकाच माणसाचीं तीन नांवें आढळतात; आणि मी तो मीच, हें सिद्ध करण्यासाठीं त्यास प्रतिज्ञापत्र घेऊन हेलपाटे घालावे लागतात. वहींत घाईनें लिहिलेलें एक अक्षर साठ वर्षांनीं वारसांच्या वाटेंत धोंड होऊन उभें राहतें.

आणि आतां ज्यांच्यासाठीं आम्ही हा विषय मुख्यत्वेंकरून निवडिला त्यांच्याकडे वळतों. आपल्या धर्मग्रामांत आज केवळ वसईचीं जुनीं घराणीं नाहींत. केरळ, तामिळनाडू, मंगळूर, झारखंड येथून आलेलीं कुटुंबें आपल्याबरोबर एकाच वेदीपुढें गुडघे टेकतात. त्यांच्या नांवांत मोठें धन आहे. केरळांतील वर्गीस म्हणजे जॉर्ज, चाको म्हणजे याकोब. सुरियानी भाषेंतून आलेलीं हीं नांवें पोर्तुगीजांचीं गलबतें येण्यापूर्वीं कित्येक शतकें त्या किनाऱ्यावर नांदत होतीं. मंगळूरच्या कांहीं ख्रिस्ती घराण्यांनीं प्रभू, कामत, पै, शेट हीं पूर्वीचीं उपनामें अद्याप स्मरणांत ठेविलीं आहेत. झारखंडांतील उरांव बंधूंचीं कुलनामें पशुपक्ष्यांवरून व वनस्पतींवरून आलेलीं आहेत: एक्का म्हणजे कासव, टोप्पो म्हणजे सुतारपक्षी, मिंज म्हणजे एका जातीचा मासा. एक्का हें नांव ऐकून पत्त्यांची आठवण काढणारे आणि हंसणारे लोक आपल्यांत आहेत. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पोर्तुगीज भाषेंत लोबो म्हणजे लांडगा, कुएल्यु म्हणजे ससा आणि परेरा म्हणजे नासपतीचें झाड. आपल्या हिंदु शेजाऱ्यांत वाघ आहेत, कोल्हे आहेत, गरुड आहेत. मग एकट्या कासवानेंच काय अपराध केला आहे?

नांव कठीण वाटतें म्हणून त्याचा तुकडा पाडून हांक मारणें, किंवा 'अरे झारखंडी', 'ए मद्रासी' म्हणून प्रांताच्या नांवानें हांक मारणें, ही रीत ख्रिस्ती घरांस शोभत नाहीं. आपल्यावर तोच प्रसंग आला म्हणजे आपणांस कसें वाटतें, हें मराठी माणसास सांगावयास नको. टिळक ह्या नांवाचें उत्तरेंत तिलक झालें; काळे ह्यांचें काले झालें; कारण तेथील जिभेस 'ळ' परिचित नाहीं. जोशी ह्या नांवांतील मराठी 'ज' आणि चव्हाण ह्यांतील मराठी 'च' आपल्या लिपींतहि वेगळे दाखवितां येत नाहींत, मग परप्रांतीयानें ते कसे ओळखावे? म्हणून त्याचा आपण राग धरीत नाहीं. परंतु जो दोन क्षण थांबून 'टिळक' म्हणण्याचा प्रयत्न करितो, त्याच्याविषयीं आपल्या मनांत तत्काळ आपलेपणा उत्पन्न होतो. तोच आपलेपणा इतरांस देण्याचें सामर्थ्य आपल्याहि जिभेंत आहे. उच्चार पूर्ण साधला नाहीं तरी चालेल; प्रयत्न झालेला ऐकणारास कळतो.

नांव ठरविण्याचा अधिकार कोणाचा, ह्याविषयीं लूकच्या शुभवर्तमानांतील एक प्रसंग फार बोधप्रद आहे. अलीशिबेच्या मुलास नातलग व शेजारी बापाचें, म्हणजे जखऱ्याचें, नांव देऊं लागले. आईनें योहान असें सांगितलें, तेव्हां ते म्हणाले कीं, तुमच्या गोतांत हें नांव कोणाचेंच नाहीं. मग त्यांनीं मुक्या झालेल्या बापास खुणेनें विचारिलें. त्यानें पाटी मागविली व योहान हेंच नांव लिहिलें. त्या शेजाऱ्यांच्या हातून चुकीचें नांव पडण्याचें टळलें तें एवढ्याचसाठीं कीं, अखेरीस त्यांनीं विचारिलें. आणि ज्याच्या तोंडास शब्द नव्हता, त्याच्या हातीं त्यांनीं पाटी दिली.

ह्या सुवर्णवर्षांत आपल्या धर्मग्रामानें तीन साध्या गोष्टी कराव्या, अशी आमची विनंती आहे. पहिली गोष्ट, वहींत प्रत्येक नांव रोमन लिपीबरोबर देवनागरींतहि लिहावें, म्हणजे उच्चार कागदावर राहील. आणि तें लिहून झाल्यावर आईबापांस वाचून दाखवावें. दुसरी गोष्ट, कुटुंब ज्या क्रमानें नांव सांगेल तोच क्रम ठेवावा, आणि त्यांतील कुलनाम कोणतें तें विचारून त्याखालीं रेघ ओढावी. तिसरी गोष्ट, मिस्सेंत, विवाहांत आणि विशेषतः दफनविधींत ज्यांचें नांव घ्यावयाचें, त्यांच्या माणसांस आधीं भेटून उच्चार शिकून घ्यावा. मृताच्या विधवेनें आपल्या पतीचें नांव अखेरच्या प्रार्थनेंत मोडकें ऐकावें, ह्याहून मोठें दुःख आपण तिला कोणतें देणार? आणि तें नांव जसेंच्या तसें ऐकूं आलें, तर परप्रांतांत पुरलेला तिचा पति परक्यांच्या मातींत पडला असें तिला वाटणार नाहीं.

ह्या तिन्ही गोष्टींस पैसा लागत नाहीं, कोणाची परवानगी लागत नाहीं. आज सभा संपल्यावर चहाच्या वेळीं आपल्याजवळ जो अनोळखी बंधु किंवा जी भगिनी उभी असेल, तिला नांव विचारावें. एकवार ऐकून समजलें नाहीं तर पुन्हां विचारावें. आणि पुढल्या रविवारीं त्याच नांवानें हांक मारावी. पन्नास वर्षांनीं ह्या वह्या कोणी उघडील, तेव्हां त्यांत आजच्या प्रत्येकाचें नांव त्यानें स्वतः सांगितलें तसें सांपडो, एवढीच आमची प्रार्थना आहे.